आवाज आणि घड्याळ

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला मिनिटाची किंमत शिकवावी लागत नाही. मिनिटभराने लोकल चुकते आणि सारा दिवस मागे पडतो. परंतु सेकंदाच्या हजाराव्या भागालाही किंमत असते, हे मला कामाला लागेपर्यंत ठाऊक नव्हते.

कॉलेज सुटल्यावर मी ठाण्याला एका कार्यालयात टेलिफोनवर बोलण्याचे काम करते. तेथील फोन इंटरनेटवर चालतात. एकदा महिन्याच्या पगारात अर्ध्या दिवसाचे पैसे कमी आले. सहाच्या पाळीला मी पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी बसले होते. फोनच्या यंत्रातील नोंद मात्र सहा वाजून सात मिनिटांची होती. आईने विचारले, "पैसे का कापले गं?" तिला उत्तर देता येईना. म्हणून कार्यालयातल्या तंत्रज्ञ दादांना गाठले.

त्यांनी सांगितले ते असे. आपण बोलतो तेव्हा फोन आपल्या आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा माप घेतो. अशी १६० मापे, म्हणजे २० मिलिसेकंदांचा आवाज, एका पॅकेटात भरून पाठवली जातात. सेकंदाला ५० पॅकेटे! लोकलप्रमाणे ती ठरावीक अंतराने सुटतात. पण वाटेत गर्दी लागली की काही उशिरा पोहोचतात, काही मागची पुढे येतात. म्हणून प्रत्येक पॅकेटावर क्रमांक आणि वेळेचा शिक्का असतो. ऐकणारा फोन ती क्षणभर थोपवून धरतो, क्रमाने लावतो आणि मग त्याच अंतराने आवाजात बदलतो. थोपवणे फार लांबूनही चालत नाही. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणे सहज होते. पुष्कळ वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात.

आता खरी गोम अशी, की पाठवणारा आणि ऐकणारा आपापल्या घड्याळाने मोजतात. हे घड्याळ म्हणजे क्वार्ट्‌झ स्फटिक. दोन स्फटिकांत दहा लाखांत पन्नास इतकाच फरक धरला तरी दिवसाला चार सेकंदांहून अधिक तफावत पडते. साधारण पावणेसात मिनिटांत २० मिलिसेकंदांचा, म्हणजे एका पॅकेटाचा फरक! एकीकडे पॅकेट शिल्लक उरते किंवा कमी पडते आणि आवाजात 'टक्' असा खंड येतो. जुन्या डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजांत सर्वांचा ठेका एका मुख्य घड्याळाकडून येई. इंटरनेटवर तसा एक ठेका नाही. म्हणून फोनला हा फरक सतत सावरून घ्यावा लागतो.

हा झाला ठेका. दुसरी गोष्ट म्हणजे नोंदीची वेळ. कोणाचा फोन केव्हा आला, किती वेळ चालला, कोण केव्हा कामावर बसले, हे सारे यंत्रातील घड्याळ सांगते. ते बारा मिनिटे पुढे गेले, तर वेळेवर आलेला माणूस उशिरा आलेला ठरतो!

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि १८५४ साली रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. तोवर गावोगावच्या वेळा निराळ्या असल्या तरी कोणाचे अडत नव्हते. वेळापत्रक आले आणि अडू लागले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि मुंबईकरांनी ती पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. दूरच्या माणसांना एकत्र काम करायचे तर घड्याळ एक हवे, हाच त्यातला धडा.

घरी येऊन हे सारे आईला सांगितले. ती शाळेत फारशी गेलेली नाही, पण तिने नेमके विचारले, "मग त्या घड्याळाला वेळ कोण सांगतं?"

उत्तर असे, की दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियमची आण्विक घड्याळे आहेत. देशाची प्रमाणवेळ तेथे राखली जाते. इंटरनेटवरून यंत्र अशा ठिकाणी वेळ विचारते आणि निरोप जाण्यायेण्यात गेलेला वेळ हिशेबात धरून स्वतःला दुरुस्त करते. आमच्या यंत्राचे हे विचारणेच बंद पडले होते.

तंत्रज्ञ दादांनी दोन नोंदी शेजारी ठेवून दाखवल्या आणि पुढच्या महिन्यात माझे पैसे परत आले. रक्कम लहान होती. पण यंत्राने लिहिले म्हणजे ते खरेच, असे मात्र मी आता मानत नाही. त्या यंत्राने वेळ कोणाला विचारली, हे आधी पाहते.

— द्वितीय वर्ष, कला