काचपेटीतील कोळंबी आणि पाण्याचा ताळेबंद

मुलांच्या हट्टापायी घरात काचपेटी येते. प्रथम रंगीत मासे येतात आणि मागाहून लाल रंगाच्या चिमुकल्या चेरी कोळंब्या. पूर्व आशियातील गोड्या पाण्यातला हा जीव जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा. शेवाळ वेचीत तो दिवसभर उद्योगात असतो. परंतु अनेक घरांत थोड्याच दिवसांत एकेक कोळंबी तळाशी निपचित आढळू लागते. खाद्य बदलले जाते, पूरक द्रव्याची बाटली आणली जाते, तरी मृत्यू थांबत नाहीत. दोष बहुधा पाण्यात असतो आणि पाण्याचा हिशेब कोणी मांडलेलाच नसतो.

शेलूबाजारसारख्या गावी तो हिशेब आधी मांडावा लागतो. वाशिम जिल्ह्याची भूमी बेसॉल्ट खडकाची. तिच्यात झिरपलेले विहिरीचे वा बोअरचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन येते, म्हणून ते बहुधा जड असते. आरओ यंत्राच्या पाण्यात मात्र हे क्षार फारच थोडे उरतात. जैन घरांत पाणी गाळून वापरण्याची शिस्त पिढ्यानपिढ्यांची आहे. तथापि कापडाने गाळल्यावर विरघळलेले क्षार किंवा ब्लीचिंग पावडरचे क्लोरिन निघून जात नाही. नळाचे पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवावे, तेव्हा क्लोरिन उडते. ते भांडे तांब्याचे नसावे. तांब्याचा अल्पसा अंशही कोळंबीला विषासमान ठरतो.

वाढताना कोळंबी वारंवार कात टाकते. नवे कवच घट्ट होण्यास लागणारे कॅल्शियम तिला पाण्यातून व अन्नातून मिळवावे लागते. क्षार अपुरे पडले, किंवा पाणी एकाएकी बदलले, तर जुने कवच नीट सुटत नाही आणि जीव त्यातच अडकून मरतो.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. चेरी कोळंबीला सुमारे १०० ते १५० मिलिग्रॅम उत्तम मानवतो. बोअरच्या पाण्याचा जडपणा ४०० असेल, तर त्याचा एक भाग आणि आरओचे दोन भाग मिसळल्यास तो सुमारे १३३ वर येतो. जडपणा मोजण्याचा थेंबांचा संच मत्स्यसाहित्याच्या दुकानांत मिळतो. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, जडपणा वेगळा दाखवत नाही.

पूरक द्रव्यांचे स्थान यानंतरचे. केवळ आरओचे पाणी वापरणाऱ्याने कॅल्शियम-मॅग्नेशियमचे खनिज-चूर्ण बादलीत विरघळवून, मोजून, मगच ते पाणी पेटीत घालावे. जड पाण्यात हेच चूर्ण घालणे म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा करणे होय. टाकलेली कात पेटीतच राहू द्यावी. कोळंबी ती खाऊन क्षार परत मिळवते. उकडलेला पालक थोडा द्यावा व उरलेला काढून टाकावा. तयार खाद्यात पुष्कळदा माशांची भुकटी असते. वेष्टन वाचूनच घ्यावे.

विदर्भाचा उन्हाळा हाही एक कस आहे. पाणी ३० अंशांवर गेले की त्यातील प्राणवायू घटतो. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास पाणी काही अंशांनी निवते. मात्र आटते ते केवळ पाणी, क्षार मागे उरतात; म्हणून ती तूट आरओच्या पाण्यानेच भरावी. एरवी आठवड्यास दहा-पंधरा टक्के पाणी हळूहळू बदलावे. पेटीच्या खोलीत डासनाशक फवारू नये आणि सोयाबीनवर फवारणी करून आलेल्या हातांनी पाण्यास स्पर्श करू नये. कीटकांना मारणारी औषधे कोळंबीलाही मारतात.

नवी पेटी चार ते सहा आठवडे कोळंबीविना चालवावी, म्हणजे विष्ठेतील अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू तिच्यात स्थिरावतात. एवढा धीर नसेल तर कोळंबी आणूच नये. हौस ओसरली म्हणून ती नदी-तलावात सोडणे ही जीवदया नव्हे. परका जीव तेथील जीवांचे अन्न व निवारा बळकावू शकतो. सांभाळू शकेल अशा घरी ती सोपवावी. ज्याचे जगणे सर्वस्वी आपल्या हाती आहे, त्याचे पाणी मोजण्याचा कंटाळा करणे अहिंसा मानणाऱ्या घराला शोभणारे नाही.