रडू न येणे म्हणजे मन कोरडे असणे नव्हे

घरात मृत्यू झाला आणि जवळच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसले नाही, की कुजबुज सुरू होते, "याला काहीच वाटलं नाही." हा समज चुकीचा आणि अन्यायाचाही आहे. म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणाचा कालवा कोरडा दिसला, तर धरणात पाणी कमी असेल किंवा भरल्या धरणाचे दरवाजे बंद असतील. रडण्याचेही तसेच.

अश्रुग्रंथी (डोळ्यांत पाणी तयार करणारे अवयव) वयानुसार मंदावतात. स्योग्रेन विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्यांच्यावर हल्ला करते. तोंडही कोरडे पडते. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही अश्रू घटतात.

पुष्कळदा मात्र ग्रंथी ठणठणीत असतात. तीव्र नैराश्यात किंवा मोठ्या धक्क्यानंतर भावनिक बधिरता (सुखदुःख जाणवेनासे होणे) येते. नैराश्यावरच्या काही औषधांनीही असे होते. तरी ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे. मुलग्यांच्या बाबतीत तर 'मुलीसारखा रडतोस काय' असे ऐकवून दरवाजे आपणच बंद करतो.

डोळे सतत चुरचुरत असतील तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मन बधिर वाटत असेल तर 'टेली-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. ही मोफत सरकारी सेवा कन्नडप्रमाणे मराठीतही मिळते.