सोहोची तब्येत काय म्हणते?

सूर्याच्या अभ्यासासाठी पाठवलेलं यान दिवसभर नुसतं सूर्याकडे बघत बसत असेल, असं वाटतं ना? सोहोचं वेळापत्रक बघा. कक्षा सावरा, चाकांचा वेग उतरवा, कॅमेऱ्याचा सेन्सर अधूनमधून शेकून घ्या. युरोपीय अवकाश संस्था आणि नासा यांचं हे यान २ डिसेंबर १९९५ ला दोन वर्षांच्या बोलीवर उडालं आणि पाव शतक उलटलं तरी कामावर हजर राहिलं.

त्याचा पत्ता एल-१ नावाचा बिंदू, म्हणजे पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटर. जागा मोक्याची, पण नेमक्या बिंदूवर उभं राहायची सोय नाही. तिथे राहिलं तर यानाच्या थेट पाठीमागे सूर्य येतो आणि त्याच्या रेडिओ खरखरीत यानाचे संदेश बुडतात. म्हणून बिंदूभोवती प्रदक्षिणा. तीही डळमळीत! याच बिंदूभोवती फिरणाऱ्या, पुण्याच्या आयुका संस्थेत घडलेली सूट दुर्बीण घेऊन गेलेल्या भारताच्या आदित्य-एल१ यानाला १७८ दिवसांची पहिली फेरी २ जुलै २०२४ ला पुरी करेपर्यंत तीनदा इंजिनं चालवून कक्षा सावरावी लागली.

सूर्यप्रकाशसुद्धा यानाला ढकलतो, अगदी हलकेच. दिशा टिकवणारी चाकं तो धक्का झेलत वेग घेत जातात, आणि मग थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, मारून त्यांना शांत करावं लागतं.

अशाच नेहमीच्या देखभालीत जून १९९८ मध्ये घोळ झाला. आज्ञांमध्ये चुका झाल्या, वळण मोजणाऱ्या पण बंद असलेल्या जायरोस्कोपवर विसंबून यान भलतंच वळलं, सौरपाट्यांची कड सूर्याकडे गेली, वीज संपली. सोहो गप्प! महिनाभराने पृथ्वीवरून अरेसिबोच्या महाकाय अँटेनाने रडारचा झोत सोडला, गोल्डस्टोनच्या अँटेनाने त्याचा प्रतिध्वनी पकडला, आणि स्वतःभोवती गरगरणारं यान सापडलं. इंधन गोठलं होतं, ते आठवडे घालवून वितळवलं. सप्टेंबरमध्ये यानाने पुन्हा सूर्याकडे तोंड केलं. बाराच्या बारा उपकरणं शाबूत! जायरोस्कोप मात्र डिसेंबरपर्यंत एकेक करत तिन्ही गेले. अभियंत्यांनी त्यांच्याविना चालणारं सॉफ्टवेअर लिहून वर पाठवलं. अवकाश इतिहासातली ही दुरुस्ती माझ्या मते चंद्रावरच्या पावलाइतकीच भारी, फक्त तिचा फोटो नाही.

२००३ मध्ये मुख्य अँटेना फिरेनाशी झाली. मग अँटेनाऐवजी यानालाच दर तीन महिन्यांनी उलटं करायचं ठरलं.

नासाच्या पार्कर सोलर प्रोब या यानाचा प्रकार वेगळा. २४ डिसेंबर २०२४ ला सूर्यापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून जाताना त्याचा पृथ्वीशी संपर्क नव्हता. दोन दिवसांनी खुशाली आली ती एका साध्या रेडिओ सुरातून. तपशीलवार अहवाल नंतर. आधी ‘ठीक आहे’ एवढंच.

आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या नासाच्या एसडीओ या सूर्यवेधी यानाची तर मजाच. वर्षातून दोनदा, काही आठवडे, पृथ्वीच रोज त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये येते. सव्वा तासापर्यंतचं ग्रहण, तेही सूर्य सतत बघायला पाठवलेल्या यानाला! तारखा आधीच ठाऊक असल्यामुळे वेळापत्रक त्या बेतानेच आखतात.

पुन्हा सोहोकडे वळू. सौर वादळात त्याच्या कॅमेऱ्यांवर प्रोटॉनचा मारा होतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे ठिपके उठतात. तरी ह्याच कॅमेऱ्यांच्या चित्रांतून मार्च २०२४ पर्यंत पाच हजार धूमकेतू सापडले, त्यातले बहुतेक घरबसल्या हौशी मंडळींनी शोधले.