शिकवणे निभावले, परीक्षा अडली

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर लागणारे कोवलम हे केरळातल्या त्याच नावाच्या पर्यटनस्थळाहून वेगळे, मुळात कोळ्यांचे गाव आहे. येथून केळंबाक्कमकडे जाणारा फाटा मिठागरांच्या बाजूने जुन्या महाबलीपुरम रस्त्याला, म्हणजेच आजच्या संगणक कंपन्यांच्या पट्ट्याला मिळतो. या दोन रस्त्यांच्या बेचक्यात आणि आजूबाजूला खासगी विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये, सागरी शिक्षणाच्या संस्था, सिरुसेरीची चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि अभियांत्रिकी महाविद्यालये अशी दाटी आहे, की कोविडच्या साथीच्या काळात विद्यापीठीय अभ्यासक्रम चालवणे म्हणजे नेमके काय, हे पाहायला याहून सोयीचा परिसर शोधावा लागणार नाही. मार्च २०२० च्या मध्यास तमिळनाडूतील महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी करवण्यात आली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सत्र मात्र अर्ध्यावर होते.

अभ्यासक्रम या शब्दाने सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांपुढे पुस्तकातील प्रकरणे येतात. विद्यापीठाच्या कारभारात मात्र त्यात तासिका, हजेरी, प्रात्यक्षिके, अंतर्गत गुण, सत्रान्त परीक्षा आणि निकाल अशी सारी साखळी येते, आणि तिची एक कडी निखळली तरी पदवी अडते. या साखळीतील तासिका ही कडी सर्वांत आधी, आणि अपेक्षेहून सहज, पडद्यावर गेली. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी जोडलेले असतात तो थेट वर्ग, आणि ध्वनिचित्रफीत सवडीने पाहायची ती चित्रमुद्रित तासिका, असे तिचे दोन प्रकार पडतात. दुसऱ्या प्रकाराची सामग्री चेन्नईत आधीपासून तयार होती, कारण सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून उभारलेल्या एनपीटीईएल या प्रकल्पाचे काम आयआयटी मद्रासमधूनच पाहिले जाते. तरीही आधीपासून आखलेले ऑनलाइन शिक्षण वेगळे आणि फळ्यापुढचे शिकवणे एका आठवड्यात कॅमेऱ्यापुढे नेणे वेगळे, हा भेद मार्च २०२० मध्येच अमेरिकी अभ्यासकांनी ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ अशी संज्ञा वापरून मांडला होता. आपल्याकडे मात्र दोन्ही एकाच नावाने चालून गेले.

थेट वर्गाची खरी अडचण डेटाची होती. तासाभराचा चित्रवर्ग साधारण अर्धा ते एक जीबी डेटा खातो, आणि दिवसाला चार-पाच तास असले, शिवाय घरात दोघे-तिघे शिकत असले, तर महिन्याचे गणित कोळ्याच्या किंवा शेतमजुराच्या घराला पेलणारे राहत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि संगणक अवघ्या १०.७ टक्क्यांकडे, ग्रामीण भागात तर संगणकाचे प्रमाण ४.४ टक्क्यांवर थांबत होते. आयआयटी मुंबईने जून २०२० मध्ये पुढचे सत्र संपूर्ण ऑनलाइन घेण्याचे जाहीर केले, तेव्हा गरजू विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि जोडणी पुरवण्यासाठी देणगीदारांना आवाहन करावे लागले, ते याच कारणाने. तमिळनाडू सरकारने जानेवारी ते एप्रिल २०२१ या काळासाठी साडेनऊ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना दररोज दोन जीबीचे मोफत डेटाकार्ड देण्याचे ठरवले. निर्णय चांगलाच होता, पण पहिल्या टाळेबंदीनंतर नऊ महिन्यांनी आला. दरम्यान नोव्हेंबर २०२० मध्ये ‘निवार’ चक्रीवादळ कोवलमच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर धडकले, आणि वीज गेली की वर्गही जातो, हा धडा त्या पट्ट्याला वेगळा शिकवावा लागला नाही.

प्रात्यक्षिकांचे दुखणे निराळे. शिक्षण मंत्रालयाच्या आभासी प्रयोगशाळा, ज्यांत पडद्यावरची कळ फिरवून प्रयोगाची आकडेवारी मिळते, त्या या सुमारास पुष्कळ वापरल्या गेल्या, आणि विद्युत मंडळांपुरत्या त्या कामीही आल्या. पण शवविच्छेदन, यंत्रशाळेतील कातकाम किंवा जहाजाच्या इंजिनाची हाताळणी यांना कळ फिरवण्याचा उपयोग नसतो. म्हणूनच डिसेंबर २०२० मध्ये महाविद्यालये टप्प्याटप्प्याने उघडताना विज्ञान-तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर आणि अंतिम वर्षाचे विद्यार्थी आधी बोलावण्यात आले. त्याच महिन्यात आयआयटी मद्रासच्या आवारात शंभराहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले, आणि बोट वर्गाकडे नव्हे तर मोजक्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र चालवलेल्या मेसकडे दाखवले गेले. वर्गात सहा फुटांचे अंतर आखता येते, पंगतीत नाही.

हे सारे कसेबसे निभावले. अडले ते परीक्षेपाशी, आणि याचे कारण आपल्या विद्यापीठांच्या घडणीत आहे. एका मोठ्या विद्यापीठाला शेकडो महाविद्यालये संलग्न असतात. शिकवतात ती, परीक्षा घेते विद्यापीठ. ज्याने शिकवले त्याच्या मूल्यमापनावर व्यवस्थेचा भरवसा नसल्यामुळे सगळा विश्वास सत्राच्या शेवटच्या तीन तासांत साठवलेला असतो. अमेरिकेत एमआयटीसारख्या संस्थांनी २०२० च्या वसंत सत्रात श्रेणी बाजूला ठेवून केवळ उत्तीर्ण असा शेरा देण्याचा मार्ग घेतला, तो शिक्षकच परीक्षक असल्यामुळे शक्य झाला. इकडे तोच प्रश्न न्यायालयात गेला.

महाराष्ट्राने जून २०२० मध्ये अंतिम वर्षाची परीक्षा न घेण्याचे ठरवले, कुलपती या नात्याने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्याला विरोध केला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै रोजी सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याव्याच लागतील असे कळवले. युवासेनेसह अनेकांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य परीक्षा लांबणीवर टाकू शकते, पण परीक्षेविना पदवी देऊ शकत नाही, हे त्याचे सार. ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाने बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षा घेतली, तेव्हा दूरस्थ शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचा पेपर सायबर हल्ल्यामुळे कोलमडला, हे वाचकांना आठवत असेल.

तमिळनाडूत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्याच आठवड्यात गंमत निराळीच झाली. २६ ऑगस्ट रोजी मुख्यमंत्री पळनिस्वामी यांनी जाहीर केले, की अंतिम सत्र वगळता ज्यांनी थकीत विषयांच्या परीक्षेचे शुल्क भरले आहे, त्यांना परीक्षेविना उत्तीर्ण समजले जाईल. थकीत विषय, ज्यांना तिकडे ‘अरियर’ म्हणतात, म्हणजे महाराष्ट्रातल्या एटीकेटीच्या विषयांसारखेच मागे राहिलेले पेपर. अभ्यासाऐवजी शुल्काच्या पावतीवर उत्तीर्ण होण्याची ही सोय विद्यार्थ्यांना भावली यात नवल नाही. निवडणुकीचे वर्ष जवळ होते, हेही विसरता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे यांनी तमिळनाडूतील तंत्रशिक्षणाच्या अण्णा विद्यापीठाचे कुलगुरू सुरप्पा यांना परिषदेची असहमती कळवली, त्याच विद्यापीठाचे माजी कुलगुरू बालगुरुसामी मद्रास उच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची परीक्षा झालीच पाहिजे अशी भूमिका घेतली.

स्वरूप कोणते, हाच तर पेच होता. अण्णा विद्यापीठाने २०२१ च्या आरंभी तासाभराची बहुपर्यायी परीक्षा यांत्रिक देखरेखीखाली घेतली. या पद्धतीत विद्यार्थ्याच्या मोबाइल किंवा संगणकाचा कॅमेरा चालू राहतो, चेहरा चौकटीबाहेर गेला, दुसरा चेहरा आला किंवा आवाज ऐकू आला की प्रणाली तशी नोंद करते, आणि नोंदी वाढल्या की गैरप्रकाराचा संशय धरला जातो. स्वतंत्र खोली, टेबल आणि अखंड वीज असलेल्या घरात ही व्यवस्था निर्दोष वाटू शकते. एका खोलीत पाच माणसे राहतात तेथे धाकटा भाऊ पाणी प्यायला आत आला तरी तो दुसरा चेहराच ठरतो. मोठ्या संख्येने निकाल रोखले गेले, अनुत्तीर्णांचे प्रमाण वाढले, तक्रारी झाल्या, आणि मे २०२१ मध्ये नव्या सरकारचे उच्चशिक्षणमंत्री पोन्मुडी यांनी फेरपरीक्षा जाहीर केली, तीही तीन तासांची, कागदावर लिहायची.

या गोंधळात एक गोष्ट फारशी लक्षात घेतली गेली नाही. ३० जून २०२० रोजी, म्हणजे साथ ऐन भरात असताना, आयआयटी मद्रासने प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात तासिका आणि आठवड्याचा स्वाध्याय घरी, परंतु मुख्य परीक्षा ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष, अशी आखणी होती. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्राचीही रीत तीच. ऑनलाइन शिक्षणात देशात सर्वांत मुरलेल्या संस्थेने परीक्षा पडद्यावर सोपवली नाही, यावरून प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि भरवशाचा जास्त होता, असे म्हणायला जागा आहे.

जून २०२१ मध्ये कोवलमच्या कोळीवाड्यात लस घेणाऱ्यांना बिर्याणी आणि सोडतीत सोन्याचे नाणे, फ्रिज, स्कूटर अशी बक्षिसे ठेवून स्वयंसेवी संस्थांनी लसीकरणाची गाडी रुळावर आणली, आणि १ सप्टेंबरपासून लसीच्या अटीवर महाविद्यालये उघडली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये राज्यभरचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मागणी अशी, की शिकवले ऑनलाइन तर परीक्षाही ऑनलाइनच घ्या. सरकारने आधी नकार दिला, पण ओमायक्रॉनची लाट आली आणि फेब्रुवारी २०२२ च्या परीक्षा घरूनच झाल्या. प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर आली, उत्तरे हाताने कागदावर लिहिली गेली, त्यांची छायाचित्रे जोडून ठरलेल्या वेळेत धाडायची होती, आणि एवढ्यावरही न थांबता मूळ उत्तरपत्रिका टपालाने वा कुरिअरने पाठवणे बंधनकारक होते.