भिंतीवरचा गाव आणि शिवेवरचा वाघदेव



लागण, खत, पाणी हे आपले नेहमीचे विषय. आज जरा निराळा घेतो, पण तो फिरून उसातच येतो.

मुंबईतलं मरोळ म्हणजे कारखाने आणि विमानतळ, असंच आपण समजतो. मरोळला लागूनच आरे आहे. तिथं १९४९ साली दूध वसाहत झाली. त्याच्याही आधीपासून तिथल्या पाड्यांत वारली कुटुंबं राहतात. पाहुण्यांकडं गेलो असता तिथल्या एका मावशींकडं दोन दिवस वारली चित्र शिकलो.

निम्मी मेहनत भिंतीचीच. माती चाळून त्यात शेण कालवायचं, हातानं सारवायचं आणि बोटांचे वळ तसेच राहू द्यायचे. गुळगुळीत भिंतीवर हे चित्र मेल्यागत दिसतं. सारवण वाळलं की गेरूचा हात. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. कागद-कापडावर काढायचं तर त्यात डिंक घालतात. ब्रश म्हणून बांबूची काडी, टोक ठेचलेली. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस उभा राहतो. झोपडी, खळं, ताडाची झाडं, तारप्याभोवती फेर धरलेली माणसं असा गाव हळूहळू भरत जातो. पूर्वी हे काम लग्नघरी सवाशिणींचं. पुढं डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

गावाची शीव मात्र मावशींनी आधी आखायला लावली. तिथं वाघदेवाचा खांब. लाकडावर किंवा दगडावर वाघ आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले, त्याला शेंदूर. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आदिवासीही लाकडाच्या उंच खांबांवर प्राणी कोरतात, पण तिथं ती घराण्याची खूण असते. इथं वाघाला त्याची जागा दिलेली असते. म्हणून शोभेसाठी हा खांब कुठंही काढू नये, असं मावशींचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

आरेत बिबट्या आजही फिरतो. जुन्नर, अकोलेकडं तो उसातच राहतो, तिथंच पिलं घालतो. तोडणीत पिलं दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू तर नकाच. त्या फडातली तोड थांबवून माणसं मागं घ्या आणि वनखात्याला कळवा. मादी बहुधा रात्री येऊन पिलं घेऊन जाते.