लाकडाचे वजन येते कुठून?



माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो. पुष्कळांच्या कागदावर त्यासमोर ‘कमी’ असे लिहून येते. मग आपण विचारता, साहेब, हा कर्ब दुकानात मिळतो का? मिळत नाही. तो हवेतून येतो आणि आणून देतात झाडे. कसा, ते समजायला आधी जंगलाकडे पाहू.

बाभळीचे बी तळहातावर घेतले तर वजन जाणवत नाही. तेच धुऱ्यावर रुजले की काही वर्षांनी त्याचे गाडीभर लाकूड होते. एवढे वजन आले कुठून? बहुतेकजण सांगतील, जमिनीतून. आजच्या बेल्जियममधील व्हॅन हेल्माँट नावाच्या शास्त्रज्ञाने हे तपासून पाहिले. त्याने कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती मोजून घातली, वाळुंजाच्या जातीचे सव्वादोन किलोचे रोप लावले आणि ५ वर्षे फक्त पाणी दिले. झाड सुमारे ७७ किलोचे झाले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम ५७ ग्रॅम कमी भरली! त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हा प्रयोग छापला गेला. झाड पाण्यातूनच वाढते असे त्याला वाटले. पण ते अर्धेच खरे होते. हवेचा वाटा पुढे कळला.

हवेत कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड, फार थोडा असतो. दहा हजार भागांत चार भागांहून किंचित जास्त. पानांच्या बारीक छिद्रांतून तो आत जातो. मुळांनी ओढलेले पाणी आणि उन्हाची शक्ती यांच्या मदतीने पान त्याची साखर करते. पुढे त्या साखरेचेच लाकूड, साल, मूळ बनते. काही भाग झाड स्वतःच्या श्वासात परत सोडते, बाकीचा अंगात राहतो. चुलीत लाकूड जळाले की खाली जी चिमूटभर राख उरते, तो जमिनीचा वाटा. जे जळून गेले ते हवेचे होते, हवेत गेले.

आता हिशेब पाहा. एक टन ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. उरलेल्या ५ क्विंटल सुक्या लाकडात अदमासे अडीच क्विंटल कर्ब. तेवढा कर्ब जमवायला झाडाने हवेतून ९ क्विंटलांहून थोडा जास्त कर्बवायू घेतलेला असतो.

मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूर घाट लागतो. फाल्गुन-चैत्रात तिथला साग उघडा पडलेला दिसतो. पान नाही, तर कर्ब घेणे जवळजवळ बंद. मृगाचा पाऊस झाला की पालवी फुटते आणि काम जोरात सुरू होते. सागाचा ओंडका आडवा कापला तर वर्षागणिक एक वळी दिसते. चांगल्या पावसाची रुंद, दुष्काळाची बारीक. ती म्हणजे त्या वर्षीच्या कमाईची नोंदच.

सगळा साठा खोडात नसतो. पाचोळा पडतो, मुळे मरतात, किडे आणि बुरशी ते खातात, आणि त्यातला काही कर्ब मातीत काळा होऊन टिकतो. जंगलातली माती भुसभुशीत लागते ती यामुळे. म्हणून मोहफुले वेचायला सोपे जावे यासाठी पाचोळा पेटवतात, ते मला पटत नाही. एका दुपारी वर्षाची साठवण जाते.

साठा किती टिकेल हे लाकडाचे काय होते त्यावर आहे. आजोबांनी घरात घातलेल्या सागाच्या तुळईत तो कर्ब आजही आहे. सरपण झाले तर त्याच दिवशी हवेत. आणि रस्त्यासाठी वा घरासाठी जुना निंब तोडताना ‘बदल्यात दहा लावू’ असे म्हणतात, तिथेही हिशेब चुकतो. रोपे वाढताना भराभर कर्ब घेतात हे खरे. पण जुन्या झाडात जमलेले क्विंटलचे क्विंटल भरून यायला कित्येक वर्षे लागतात, आणि तीही रोपे जगली तर! कोळसा जाळण्याचे युग येण्यापूर्वी हवेत हा वायू दहा हजारांत तीन भागांच्या आत होता. तो वाढला तशी पृथ्वीची उष्णता वाढली आहे.

आपल्या वडनेर भोलजीच्या शिवारात जंगल नाही, वावर आहे. तरी धुरा आहे, नाल्याचा काठ आहे. सावलीने पीक दबते ही आपली तक्रार खोटी नाही. परंतु खरिपात सूर्य डोक्यावर असतो, सावली आखूड पडते. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून सावली उत्तरेला जाते. तेव्हा झाडे उत्तरेच्या धुऱ्यावर घ्या. हरभरा वाचेल. मात्र सावली शेजाऱ्याच्या वावरात जाणार, तेव्हा त्याच्याशी आधी बोला. धुऱ्याची भांडणे आपल्याकडे कमी नाहीत!

तुराट्या, कुटार, काडीकचरा वावरात पेटवू नका. बोंडअळी लागलेली पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये हे बरोबर, पण ती यंत्राने बारीक करून कंपोस्टात घालता येते. आपल्या उन्हात मातीतला कर्ब लवकर झिजतो, म्हणून हे काम एकदा करून भागत नाही, दरवर्षी करावे लागते.

अलीकडे काहीजण ‘कार्बन क्रेडिट’चे पैसे मिळवून देतो म्हणून फॉर्म घेऊन गावोगाव येतात. अशी योजना असू शकते. पण झाडे किती वर्षे तोडायची नाहीत, पैसा कधी आणि कोणाच्या खात्यात येणार, झाड वाळले तर काय, हे मराठीत लिहिलेली प्रत घरी आणून वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका.