पाच सेकंदांत चार लिटर लाकूड

मे महिना लागला की शीव कोळीवाड्यात पावसाच्या आधी चेन सॉचा आवाज येतो. महापालिकेच्या एफ उत्तर विभागात पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू झालेली असते. गुरू तेग बहादूर नगर स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं दोरी बांधून अडवलेल्या फुटपाथला वळसा घालतात, आणि वर पर्जन्यवृक्षाच्या बेचक्यात कुणीतरी यंत्र घेऊन बसलेला असतो. त्या कर्कश आवाजाचा वैताग येतो खरा, पण त्यामागचं विज्ञान ऐकण्यासारखं आहे. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात तर या आवाजाची शर्यत लागते आणि लोक ती बघायला गर्दी करतात.

१९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘टिंबरस्पोर्ट्स’ या लाकूडतोड्यांच्या स्पर्धामालिकेत ‘हॉट सॉ’ नावाचा एक प्रकार आहे. समोर ४६ सेंटिमीटर व्यासाचा आडवा ओंडका. यंत्र बंद, स्पर्धकाचे हात ओंडक्यावर. इशारा झाला की दोरी ओढून यंत्र सुरू करायचं आणि तीन अखंड चकत्या उतरवायच्या: पहिली वरून खाली, दुसरी खालून वर, तिसरी पुन्हा वरून खाली. तिन्ही चकत्या मिळून १५ सेंटिमीटरच्या रेषेच्या आत बसल्या पाहिजेत. चकती अर्धवट निघाली की बाद. तरबेज गडी हे सगळं पाच-सहा सेकंदांत उरकतात.

जरा हिशेब करू. एका कापाचं क्षेत्रफळ सुमारे १,६६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिन्ही मिळून जवळजवळ अर्धा चौरस मीटर. कापाची रुंदी ८ मिलिमीटर धरली, तर तेवढ्या वेळात चार लिटर घन लाकडाच्या ढलप्या उडतात. यातल्या सर्वात जबर यंत्रांची ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत जाते. ती पाच सेकंद पूर्ण चालली तरी खर्ची पडणारी ऊर्जा सुमारे ३०० किलोज्यूल, बिनतेलाच्या एका लहान पोळीत असते तितकीच! म्हणजे ऊर्जा काही फार लागत नाही. ती किती वेळात ओतायची, सगळी मेख तिथे आहे.

त्यासाठी टू-स्ट्रोक इंजिन. यामाहा आरएक्स १०० ज्यांनी चालवली त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. त्या गाडीचं इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती. स्पर्धेतल्या ‘स्टॉक सॉ’ प्रकारात सगळ्यांच्या हाती एकच, दुकानात मिळतं तसं यंत्र असतं. त्याचं इंजिन ९१ सीसीचं, पण ताकद जेमतेम साडेसात अश्वशक्ती. फरकाचं एक मोठं कारण सायलेन्सरमध्ये आहे. टू-स्ट्रोकमध्ये जळका वायू बाहेर जाणं आणि ताजं मिश्रण आत येणं एकाच वेळी चालतं, त्यामुळे थोडं ताजं मिश्रणही बाहेर निसटतं. पोटात फुगीर, शेवटी निमुळती अशी नळी लावली, तर दाबाची लाट तिच्या टोकाला आपटून परत फिरते आणि निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीच्या वॉल्टर काडेनने शर्यतीच्या मोटरसायकलींसाठी हे तंत्र पक्कं केलं. छाटणीच्या यंत्राला एवढी नळी परवडत नाही, तिथे नुसता डबा असतो. हॉट सॉवाले मात्र जेट स्की किंवा बर्फावरच्या स्कूटरचं एक सिलिंडर उचलतात, त्याला अशी नळी जोडतात, आणि वजन २५-३० किलोंवर गेलं तरी हूं की चूं करत नाहीत.

पण नुसत्या ताकदीने लाकूड कापत नाही, दात्याने कापतं. पूर्वीच्या साखळ्या लाकूड खरवडायच्या. १९४६ साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंगेऱ्याची जाडजूड अळी पाहिली. ती लाकडात आडव्या-उभ्या रेषा न बघता सरळ आरपार जात होती, कारण तिचे दोन वाकडे जबडे डावीकडे आणि उजवीकडे आलटून-पालटून चालत होते. कॉक्सने तसेच डावे-उजवे दाते साखळीवर बसवले आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आज कोळीवाड्यातल्या साखळीवरही तीच रचना आहे. जवळून पाहिलं तर दात्याच्या पुढ्यात एक बुटका उंचवटा दिसतो. दाता किती खोल चावणार हे तो ठरवतो. शर्यतवाले तो कानशीने घासून आणखी बुटका करतात. घास मोठा होतो, पण ताकद कमी पडली तर यंत्र जागीच गुदमरतं.

हॉट सॉची साखळी ताशी २४० किलोमीटरपर्यंत धावते, साध्या यंत्राची १००च्या आसपास. साखळी ज्या पट्टीभोवती फिरते तिच्या टोकाची त्रिज्या ५ सेंटिमीटर धरली, तर तिथून वळताना प्रत्येक दात्यावर गुरुत्वाकर्षणाच्या नऊ हजार पट ओढ पडते. पाच ग्रॅमचा दाता ४५ किलोंचा झाल्यासारखा! कडी तुटली तर तुकडा गोळीसारखा सुटतो.

म्हणूनच शर्यतीचा ओंडका पांढऱ्या पाइनचा किंवा पॉपलरचा, मऊ, सरळ रेषांचा आणि बिनगाठीचा निवडतात. आपल्या पर्जन्यवृक्षाचे धागे एकमेकांत गुंतलेले, आणि त्यात माणसांनी ठोकलेले खिळे: क्लासची पाटी, वाढदिवसाचा बॅनर, दिव्यांच्या माळा. साल वाढत वाढत ते गिळून टाकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग तौक्तेसारखं वादळ येतं, जसं १७ मे २०२१ला आलं, झाडं रस्त्यावर आडवी होतात आणि खोड कापताना साखळी खिळ्यावर जाते. पुढे ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा उडू लागला, की धार गेली असं खुशाल समजावं. जगातली सर्वात जलद हॉट सॉ शीव कोळीवाड्यात आणली तर पहिल्याच खोडात तिची हीच गत होईल, असं माझं मत आहे.

तुमच्या गल्लीतल्या झाडावर पाट्या, खिळे असतील तर साल ते गिळण्याआधी, यंदाच्या पावसापूर्वीच काढून घ्या.